सरडा किती लांबून पळतो

सरड्यांमागे फिरलं की डिग्री मिळो न मिळो, किस्से मात्र पोत्याने जमतात. आम्ही तिघं परळच्या एका कॉलेजातले: सर, शालिनी आणि मी. गिरण्यांच्या संपाचे दिवस. आता हसू येतं, तेव्हा आमची जाम टरकायची!

*

काम सोपं. सह्याद्रीच्या रानात सरड्याकडे हळूहळू चालत जायचं. तो पळाला की अंतर मोजायचं. दाट जंगलातला सरडा हाताशी जाईपर्यंत गप्प. जंगल संपून गवत लागतं तिथला, त्याच जातीचा, लांबूनच पसार!

सर सांगायचे, "काठावर वरून घार बघते. भित्रे तेवढे उरतात, त्यांचीच पिल्लं होतात. पिढ्यान्‌पिढ्या हेच चाललं की एक दिवस वेगळी जातच होते!"

शालिनी पुटपुटली, "मग आपली झालीच म्हणा."

*

एकदा काठावरचा सरडा हलेचना. शालिनी खूश, अजून पुढे. मी किंचाळलो, "अगं, बाजूला बघ!"

फुरसं!

ती थेट जीपमध्ये. सर जीपच्या आडून म्हणाले, "हेही अंतर मोजा रे!"

*

लालबागला पोलिसांची गाडी वळली की पोरं गल्लीत गडप. आम्ही तिथेही अंतर मोजायचो. पोरं गाडी दिसल्यावर पळायची, आमचे सर नुसत्या आवाजाने!

*

पळत नव्हते ते फक्त माझे बाबा. रोज गिरणीच्या गेटवर उभे. लाठ्या पडल्या, पाठीवर वळ उठले, तरी दुसऱ्या दिवशी हजर. "माझी गिरण आसा. मी कित्याक पळू?"

आई रडायची. "मेल्या, सरड्यांका रवांदे, आधी बापाशीक घरी आण!" मला तर सारखी धास्ती, आज कोणीतरी त्यांना उचलूनच आणणार.

मी सरांना विचारलं, "सर, जे पळतच नाहीत त्यांचं काय होतं?"

सर टेप गुंडाळायला लागले.

*

संप विरला, गेट काही उघडलं नाही. बाबा तरी जायचेच. एका दुपारी मी जंगलातून परस्पर तिकडे गेलो, म्हटलं आज घेऊनच जायचं. अंगावर फिरतीचा खाकी शर्ट, खाकी पँट. गेटवर बाबा एकटेच.

मी अजून रस्त्याच्या पलीकडे होतो. त्यांनी मान वर केली आणि पळाले. एक चप्पल तिथेच राहिली.

"बाबा! अहो, मी आहे!"

मी जितका मागे धावलो, तितके ते जोरात पळाले.