शून्य तीन शून्य

देहूरोडजवळच्या माळावर आमच्या तोफखान्याच्या तुकडीचा तळ होता. साल पन्नासनंतरची ती वर्षं. मी लान्स नाईक होतो, मॅट्रिक पास, म्हणून नकाशा, हिशेब आणि रेडिओ माझ्याकडे. आमच्याकडे दोन माणसांचं एक हलकं विमान होतं. तोफेचे गोळे कुठे पडतात ते वरून बघायचं आणि रेडिओवर खाली सांगायचं, एवढंच त्याचं काम.

त्या दिवशी कॅप्टन मेनन विमान चालवत होते. मागे निरीक्षक म्हणून नाईक बाबू गाडे. गाडे चाकणजवळच्या खराबवाडीचा. उड्डाणापूर्वी मला म्हणाला, "वरनं आमचं खळं दिसतं का बघतो."

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी विमान तळावरून सरळ पुढे गेलं. दोन सोळाला कॅप्टनसाहेबांचा आवाज आला.

"बेअरिंग शून्य तीन शून्य. स्पीड ऐंशी. पुढे ढग खाली आलाय. ओव्हर."

"रॉजर. परत फिरा. ओव्हर."

उत्तर आलं नाही. मी दहा मिनिटं हाका मारल्या.

सुभेदार जाधव नकाशा घेऊन आले. "कुठे असतील?"

ताशी ऐंशी मैल, सहा मिनिटं, म्हणजे आठ मैल. दिशा उत्तरेपासून पूर्वेकडे तीस अंश. आता त्या तिरक्या अंतराचे दोन भाग करायचे: उत्तरेकडे किती, पूर्वेकडे किती. एका भागाला कोसाइन, दुसऱ्याला साइन. मी तोंडी केलं. उत्तरेला चार मैल, पूर्वेला सात. नकाशावर महाळुंग्याच्या बाजूला टिंब दिलं.

"एकदा कोन मोजून रेघ ओढ," सुभेदार म्हणाले.

"गरज नाही, साहेब." गणितात माझा हात कोणी धरत नसे.

ट्रक दोन चाळीसला निघाला. डॉक्टर बरोबर होते. चिखलातून पोचायला साडेतीन झाले. आम्ही रांग धरून शेतं तुडवली. काहीच नव्हतं. बांधावर एक शेतकरी भेटला.

"दादा, विमान पडलेलं पाहिलंत?" सुभेदारांनी विचारलं.

"हिकडं न्हाई पडलं. घरघर ऐकली, पर ती भामचंद्राच्या डोंगराकडं. आन् येकदम बंद झाली."

"नक्की?"

"व्हय. डोंगर ढगात व्हता."

सुभेदारांनी माझ्याकडे पाहिलं. "मोरे, नकाशा काढ."

मी ट्रकच्या बॉनेटवर नकाशा पसरला. या वेळी रेघ ओढली. रेघ माझ्या टिंबाकडे गेलीच नाही. ती डोंगरावर गेली.

शाळेत आम्ही कोन पूर्वेच्या आडव्या रेघेपासून मोजायचो. तिथे कोसाइन पूर्वेला जातं. फौजेत बेअरिंग उत्तरेपासून मोजतात, म्हणून कोसाइन उत्तरेला जातं. मी सवयीनं उलट केलं होतं. खरं उत्तर उत्तरेला सात, पूर्वेला चार. दोन जागांत चार मैलांचं अंतर.

"साहेब, माझी चूक झाली."

"नंतर. चला."

वाट संपल्यावर आम्ही चढलो. सहा वाजून पाच मिनिटांनी विमान सापडलं. कॅप्टन मेनन आसनावरच गेले होते, धडक बसताक्षणी. गाडे तिथे नव्हता. तो पंधरा हात खाली, कातळाच्या आडोशाला होता. मांडीला त्यानं कमरेचा पट्टा आवळून बांधला होता. अंग अजून कोमट होतं.

डॉक्टरांनी पट्टा पाहिला, घड्याळ पाहिलं. "जाऊन पाऊण तास झाला असेल. चारपर्यंत पोचलो असतो तर..." एवढंच म्हणाले.

चौकशीत मी टिंब आणि रेघ दोन्ही दाखवली. माझी लान्स नाईकची फीत गेली. ती शिक्षा मला कमीच वाटली.

महिन्याभरानं मी खराबवाडीला गेलो. गाडेचे वडील गोठ्यात होते. मी कोण ते सांगितलं, चूकही सांगितली. साइन-कोसाइन सांगितलं नाही. म्हणालो, मी तुकडी चुकीच्या बाजूला नेली.

त्यांनी हातातली वैरण खाली ठेवली. मग विचारलं, "लगीच गेला का वो त्यो?"

खोटं बोलणं सोपं होतं.

"नाही, बाबा. तीन तास तरी होता."

"सुदीवर व्हता?"

"हो."

त्यांनी दावणीचा खुंटा हातानं चाचपला. "मंग त्यानं तुमची वाट बघितली आसंल."

"हो," मी म्हणालो.