सुधारलेल्या चुका

“बाबा, चुका तशाच ठेवायच्या होत्या! कितीदा सांगितलं होतं मी?”

“चूक दिसली आणि मी सोडून दिली, असं माझ्या हयातीत झालेलं नाही,” सासरे म्हणाले. “उभा जन्म लाल पेन चालवण्यात गेला माझा. आता म्हातारपणी चुकांची लागवड करू?”

नवरा ओला टॉवेल खांद्यावर टाकून दारात आला. “अगं, तुझ्यासाठीच मान मोडून टाइप केलं ना त्यांनी?”

केलं होतं. म्हणून तर तिला धड रागावताही येईना.

ती शाळेत इंग्रजी शिकवायची. दरवर्षी तेच नियम घोकून घ्यायचे आणि पेपर तपासताना पाहावं तर ये रे माझ्या मागल्या. मग एका प्रशिक्षणात तिला कॉर्पस कळला. मुलांचे निबंध जसेच्या तसे कॉम्प्युटरमध्ये भरायचे. एखादा शब्द विचारला, की तो जिथं जिथं आला ती प्रत्येक ओळ समोर येते. पोरं नेमकी कुठं ठेचकाळतात ते दिसतं. तेवढंच शिकवायचं, बाकीचं दळण बंद. या आशेवर तिनं निबंधांचे गठ्ठे जमवले. पण शाळा, डबे, भांडी यांतून टायपिंगला वेळ होईना. तेव्हा सासऱ्यांनी, इंग्रजीच्या निवृत्त मास्तरांनी, काम आपणहून अंगावर घेतलं.

आज सुट्टी म्हणून ती हौसेनं शोधायला बसली. ओळी झरझर आल्या, सगळ्या कडक इस्त्रीच्या. जिच्या वर्गात एक वाक्य सरळ उभं राहत नव्हतं, तिची एकूण एक पोरं सासऱ्यांसारखं इंग्रजी लिहीत होती.

“मग दुरुस्त कर की,” नवरा म्हणाला.

“दुरुस्तच तर झालंय. तेच रडणं आहे.”

सासरे खाली बघत पुटपुटले, “मी पुन्हा करतो. या खेपेला शब्दाला हात लावणार नाही.”

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. तिसऱ्या ओळीत बोट वळवळणार, हे त्यांनाही ठाऊक होतं. जित्याची खोड ती. पुढचं तिनं मनातसुद्धा पुरं केलं नाही.

तिनं माळ्यावरचे गठ्ठे उतरवले आणि जेवणाच्या टेबलावर ठेवले.

“उद्यापासून संध्याकाळी मी टायपिंग करणार,” ती म्हणाली. “स्वयंपाक तुम्ही दोघांनी बघायचा. आणि जेवायला खाली बसायचं, टेबल मला लागेल.”