दोन पानं बाकी असताना

माझी मावशी पियानोला बसली की ढिम्म हलायची नाही. पाठ ताठ, कोपरं अंगाशी आणि चेहरा असा, की बाई विजेचं बिल भरायला रांगेत उभी आहे. हलायची ती फक्त बोटं. पण ती बोटं काय चालायची, काय सांगू तुम्हाला!

दिवसभर नाचाच्या वर्गात मुलींच्या उड्यांना पियानोची साथ करायची, आणि घरी येऊन पुन्हा स्वतःच्या पियानोला जुंपून घ्यायची. शेजारी भिंत ठोकायचे, म्हणून तारांपुढे जाड कापड सरकवून वाजवायची. एकेका पानावर महिना महिना घासायची. लग्नाचा विषय काढला की उत्तर ठरलेलं, "स्पर्धा होऊ दे, मग बघू."

ही स्पर्धा काही वर्षांतून एकदाच व्हायची. पहिल्या वेळी मावशी अंतिम फेरीत गेली आणि तिसरी आली. पहिला कोण? ज्याला आम्ही घरात 'वादळ' म्हणायचो तो. आधी रेशमी रुमालाने पट्ट्या पुसणार, मग छताकडे बघत केस उडवणार, आणि मूठभर चुकीचे सूर खुशाल सांडत जाणार. लोक वेडे व्हायचे. परीक्षकांनी मावशीच्या कागदावर लिहिलं होतं, 'निर्दोष. पण बघण्यासारखं काही नाही.' अहो, पियानो काय बघायचा असतो? मला अजून संताप येतो.

पुढची स्पर्धा तिची शेवटची, कारण वयाची अट होती. तिच्या सरांनी इतकी वर्षं फक्त बोटं सुधारली होती. आता त्यांनी पियानोशेजारी आरसा आणून ठेवला. "चेहऱ्यावर येऊ दे जरा," म्हणाले. मावशीने तेही जीव तोडून केलं. डोळे कुठे मिटायचे, कुठे झुकायचं, हात कुठवर उडवायचा, सगळं घोटलं.

"अगं, हे काय सोंग?" माझ्या आईने तिला विचारलं.

"ताई, आता हेही वाजवण्यातच धरतात," मावशी म्हणाली.

अंतिम फेरीला मी आणि आई तिसऱ्या रांगेत होतो. तिने निवडलेल्या रचनेत शेवटाकडे एक दणदणीत आघात होता. मग क्षणभर शांतता, आणि त्यानंतर अगदी हळुवार दोन पानं. मावशीने आघात केला, हात वर उडवला, मान मागे टाकली. सभागृहाला वाटलं, संपलं! टाळ्यांचा कडकडाट झाला, माणसं उभी राहिली. अशा वेळी हात तसाच ठेवून थांबायचं असतं, हे नवशिक्यालाही कळतं. मावशी उठली. लोकांकडे वळली आणि वाकून नमस्कार केला.

आईने माझं मनगट घट्ट धरलं. पुढच्या रांगेतले परीक्षक टाळ्या वाजवत नव्हते. एकाने पेन खाली ठेवलं. हळूहळू लोकांनाही कळलं आणि ते ओशाळून बसले. मावशी परत बसली आणि उरलेली दोन पानं तिने वाजवली, पूर्वीसारखी, जराही न हलता. तसं वाजवणं मी पुन्हा कुठे ऐकलं नाही. पण उपयोग काय? तिला कुठलाच क्रमांक मिळाला नाही. पहिला पुन्हा वादळच आला.

त्यानंतर आम्ही सगळ्यांनी तिची समजूत घातली. विसरलीस गं, होतं असं. सर तर स्वतःलाच दोष देत राहिले. ती नुसती मान हलवायची.

परवा तिला न्यायला नाचाच्या वर्गावर गेले होते. मुली गेल्या होत्या, ती सुजलेल्या बोटांना मलम चोळत होती. बोलता बोलता माझं जुनं पालुपद सुरू झालं, "त्या गडबडीत विसरलीस म्हणून, नाहीतर त्या वादळाची काय बिशाद होती!"

"विसरले नव्हते गं," मावशी म्हणाली. "दोन पानं बाकी आहेत, पक्कं ठाऊक होतं मला."

"मग उठलीस कशाला?"

"माझ्यासाठी कधी कोणी असं उभं राहिलं नव्हतं. वाटलं, ती दोन पानं वाजवली आणि मग कोणी उठलंच नाही तर?"

तिने मलमाचं झाकण लावलं.

"फार चुकलं माझं," ती म्हणाली. "मला सगळ्यात चांगली तीच दोन पानं यायची."