साळिंदरची मूठ

आमच्याकडे खानदेशात श्रावणात कानबाई देवीचे रोट असतात. साक्रीजवळच्या गावी सगळे भाऊबंद जमतात आणि प्रसादासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढतात. बायका ते गहू निवडतात, दळतात, रांधतात. त्यांच्या नावाची मूठ मात्र नसते. हे मला लहानपणापासून खटकायचं आणि मी ते बोलूनही दाखवायचे. कुणी लक्ष देत नसे.

बायकांची नव्हती, पण आमच्या घरात एका जहाजाची मूठ निघायची.

माझे वडील, म्हणजे नाना, नौदलात इंजिनावर होते. त्यांच्या युद्धनौकेचं नाव ‘साळिंदर’. मोठ्या आईला, म्हणजे माझ्या थोरल्या काकूला, ते पहिल्यांदा ऐकून हसू आवरेना. शेतातला भुईमूग उकरणारं जनावर ते. सरकारला दुसरं नाव सुचलं नाही का, असं ती विचारायची. समुद्र तिने आजही पाहिलेला नाही. तरी एका वर्षी नाना रोटांना येऊ शकले नाहीत, तेव्हा त्यांची मूठ काढल्यावर तिने जहाजाचीही काढली. आपला माणूस ज्याच्या पोटात आहे ते धड राहायला हवं, एवढंच तिचं म्हणणं. मग ती प्रथाच पडली.

नाना निवृत्त होऊन पिंप्राळ्यातल्या आमच्या घरी राहायला आले आणि काही वर्षांनी साळिंदरही निवृत्त झालं. निरोपाच्या संध्याकाळी झेंडा उतरवला, तेव्हा नाना तिथे होते. परतल्यावर त्यांचं कशातच लक्ष लागेना. आपण हाताने पुसलेलं इंजिन भंगारात जाणार, हे त्यांना सोसत नव्हतं. त्या श्रावणात त्यांनीच मोठ्या आईला अहिराणीत सांगितलं, “त्यानी मूठ आते नको.” गेलेल्या माणसाची मूठ थांबते, तशी तीही थांबली.

पुढे मी नौदलात अधिकारी झाले. जुन्या जहाजाचं नाव नव्याला द्यायची तिथे रीत आहे. नवं साळिंदर बांधून झालं आणि माझी नेमणूक नेमकी त्याच्यावर झाली. मी आनंदाने फोन केला, तर नाना नुसतं “बरं” म्हणाले. जहाज दाखल होण्याच्या कार्यक्रमाला या म्हटलं, तर साफ नाही म्हणाले.

“नाव उचललं म्हणून जहाज तेच होत नाही. एकाचं जाणं पाहिलं, तेवढं पुरे.”

कार्यक्रमाआधी थोड्या दिवसांच्या रजेवर घरी आले तेव्हा मी त्यांच्याशी कडाकडा भांडले. तोंड आवरणं मला कधीच जमलेलं नाही.

“नाना, तुमचं नाव तरी तुमचं आहे का? तुमचे आजोबा गेले आणि त्याच वर्षी तुम्ही जन्मलात, म्हणून त्यांचं नाव तुम्हाला ठेवलं. हा काही तो नव्हे, म्हणून कुणी तुम्हाला बारशातून उठवलं का?”

नाना चपला घालून बाहेर निघून गेले. आपण फार बोललो, असं मला वाटलं. पण मला ते तिथे हवेच होते. मी काय काम करते हे आमच्या सगळ्या गोतावळ्यात त्यांच्याशिवाय कुणाला कळतं? बाकीच्यांच्या शाबासकीवर माझं भागणार नव्हतं.

दोन दिवसांनी गावी रोट होते. मोठ्या आईने एकेकाचं नाव घेत सुपात गहू काढले आणि हात झटकले.

“आखो एक मूठ ऱ्हायनी,” नाना म्हणाले.

“जहाजनी?” तिने विचारलं.

“जहाजनी. आनि पोरनी.”

मोठी आई म्हणाली, “भाऊ, पोरीस्नी नही काढतस.”

“लोखंडनी काढी ना आपन?” नाना म्हणाले. “हाई तं मन्ही पोर शे.”

मोठी आई पदर खोचून पुन्हा गव्हाच्या पोत्यापाशी बसली. तिने साळिंदरची मूठ काढली आणि त्यानंतर सगळ्यांसमोर खणखणीत आवाजात माझं नाव घेतलं. मला रडू फुटलं, आणि मी ते लपवलं नाही.

नानांनी माझ्याकडे न बघता विचारलं, “जहाजवर जावाले आपली गाडी कितला वाजता शे?”