तिच्या वाट्याचे वचन

संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेत आम्ही पवित्र शास्त्रातले एकेक वचन पाळीने वाचतो. काल नात रूथची वाचायची वेळ आली, पण तिने वाचलेच नाही.

"वाच ना गं," सूनबाई दबक्या आवाजात म्हणाली.

"आजोबा, मला खरं वाटत नाही, ते नुसतं तोंडानं वाचू?"

मुलगा माझ्याकडे पाहू लागला. मी वडिलांपुढे असा प्रामाणिकपणा कधी दाखवला नव्हता. शंका गिळून खणखणीत वाचत असे. मग तिच्यावर कोणत्या तोंडाने रागवावे?

"तुझं वचन आज मी वाचतो," मी म्हणालो. पण अक्षरे अंधुक झाली, ओळ चुकली. तेव्हा तिचे बोट हलकेच पानावर आले आणि माझ्या आवाजाच्या एक शब्द पुढे सरकू लागले.