डाव्या बाहीची बारा वर्षं

मोरगावच्या पुढच्या वाडीतली रोहिणी बारा वर्षं रोज परदेशात कामाला जात होती. हे बोलणं तिचं नव्हे, गेटवरच्या वॉचमनचं. बारामती सोडून इंदापूरच्या वाटेला लागलं, की माळावर निर्यातीची वसाहत लागते. आत येणाऱ्या कापडावर कर नाही, बाहेर देशी जाणाऱ्या मालावर कर नाही. म्हणून कायद्याच्या दृष्टीनं तारेच्या कुंपणाआत परदेश, आणि कुंपणाबाहेर आपल्याच बाभळी आणि आपलीच शेरडं.

रोहिणीला हे कळलं ते पहिल्याच वर्षी. जावेला मुलगी झाली होती. बाळाला दुपटं शिवावं म्हणून मशिनीखाली पडलेल्या मऊमऊ चिंध्या तिनं डब्याच्या पिशवीत भरल्या. चिंधी टाकून द्यायची नसते, ती दुपट्यात नाहीतर वाकळेत जाते, हे तिला आईच्या मांडीवर असल्यापासून ठाऊक. गेटवर पिशवी उघडली, आणि आठ दिवस तिला घरी बसवलं.

"बाई, करमाफीचं कापड हाय हे," वॉचमन म्हणाला. "चिंधी बाहेर काढायची तरी सरकारचा कागद लागतो."

"मग जाळता कशाला रोज ढिगानं?"

"जाळायचा कागद हाय आमच्याकडं."

लोकांना वाटलं, आता काही ही परत जायची नाही. सासूबाई कुशाबाई तर म्हणाल्याच, "बरं झालं. चोर म्हणून घेण्यापरीस खुरपं धर." रोहिणीनं मधली चतुर्थी धरली, मोरयाला हात जोडले आणि नवव्या दिवशी सहाच्या गाडीत जाऊन बसली. त्या दिवसापासून तिची पिशवी जाताना जशी, येताना तशी. फक्त डबा रिकामा.

तिचं काम डाव्या बाहीचं. कापलेल्या सदऱ्यांचे गठ्ठे पुढून यायचे, ती डावी बाही जोडायची आणि गठ्ठा मागं सरकवायची. उजवी बाही मागच्या बाईची. कॉलर तिसरीची, काजं चौथीची. असे दिवसाला चार-पाचशे सदरे तिच्या हाताखालून जात, पण पुरा झालेला सदरा तिनं पाहिला तो खोक्यात जाताना, लांबून.

आणि काय मिळालं म्हणाल, तर पुष्कळ मिळालं. ज्या वर्षी नवऱ्याची, रामहरीची, बाजरी पावसावाचून करपली, त्या वर्षीही घरात कुणी उपाशी झोपलं नाही. पोरगी संस्कृती बारामतीला नर्सिंगला लागली. घरामागं पक्की न्हाणी झाली. खुरपं धर म्हणणाऱ्या कुशाबाईच आता पाव्हण्यांना सांगत, "आमची सून परदेशी सदरं शिवती."

मग या चैत्रात कंपनीनं फळ्यावर कागद लावला. मेअखेर काम बंद. दुसऱ्या राज्यात नवी वसाहत झाली होती, तिथं नव्यानं करमाफी होती. इथली संपत आली होती.

"दाणं टिपून झालं, पाखरू उडालं," वहिदा म्हणाली. वहिदा डाळजची. भिगवणात बापाचं शिलाईचं दुकान होतं, तिथं ती लहानपणी शिकलेली. कंपनीत मात्र तिला बारा वर्षं बटनपट्टीवरच बसवलं होतं.

त्याच आठवड्यात शाळा समितीचे हिंदुराव वाडीत रोहिणीच्या दारात आले. शाळेचे गणवेश यंदा बचत गटाकडून शिवून घ्यायचे होते. बासष्ट पोरं.

"कंपनीतल्या बाया तुमच्या गटात सात हायत. येतंय ना शिवायला?"

"न यायला काय झालं तात्या," रोहिणी म्हणाली. "बारा वर्षं दुसरं काय केलं?"

"मग नमुन्याचा एक सदरा करून दावा. मेअखेर. बरा न्हाय झाला, तर मी बारामतीच्या दुकानात जातो. पोरांच्या अंगावर परयोग नको."

रोहिणीनं गटाच्या पायमशिनीवर पांढरं कापड घेतलं, जुन्या सदऱ्यावरून बाह्या कापल्या आणि दुपारपर्यंत बसली. डावी बाही अशी बसली, की शिवण दिसू नये. उजवी काही केल्या बसेना. ओढली, उसवली, पुन्हा लावली. संध्याकाळी कुशाबाईंनी सदरा उजेडात धरला.

"अगं, ह्याला दोन्ही डावेच हात झाले की!"

रोहिणी हसली नाही. एवढी वर्षं कापलेलं कापड हातात आयतं येत होतं. कापताना कापड दुमडावं लागतं, तेव्हा एक डावी आणि एक उजवी निघते, एवढंही तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिनं दोन्ही सारख्याच कापल्या होत्या. रात्री देवापुढं दिवा लावताना ती मोरयाला एवढंच म्हणाली, "लाज गेली तर जाऊ दे. डोकं जागेवर ठेव."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती लाईनच्या सुपरवायझरपुढं, दिग्विजयपुढं, जाऊन उभी राहिली.

"मला जागा बदलून द्या. दीड महिना. कॉलर, उजवी बाही, कापणी, सगळीकडं बसवा."

"ताई, डावी बाही तुमच्यासारखी कुणाला जमती? माल जायचाय. टारगेट कोण भरणार?"

"टारगेट भरते. मग सुट्टीत तरी मशिनी चालू ठेवा. वहिदा शिकवंल."

"कापड न्हाय मिळायचं. वीतभर न्हाय. दोराबी न्हाय."

"कोण मागतंय? आमी कागदावर शिवू."

दिग्विजयनं मान डोलावली. कागद करमाफीचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी गेटवर वॉचमननं आपल्या वहीत लिहिलं, 'वर्तमानपत्र, जुने, नग पाच.' सुट्टीत भाकरी दहा मिनिटांत उरकायची आणि उरलेली वीस मिनिटं वहिदापुढं. तिनं कागद दुमडून बाही कापायला शिकवली. सुईत दोरा नाही, नुसती भोकं पाडत जायची.

"शिवण सुतात नसती," वहिदा म्हणायची. "आधी भोकं सरळ येऊ दे. अगं, ही बाही हाय का इंदापूरचा घाट?"

"इंदापूरला घाट कुठाय?"

"तुझ्या बाहीत हाय की!"

पहिल्या आठवड्यात सहाजणी होत्या. दुसऱ्यात एकवीस. एकीला बारा वर्षांत नुसती काजं आली होती, एकीला खिसा. परत जाताना वॉचमन एकेक कागद उन्हात धरून बघायचा. भोकांची ओळ दिसली, की विचारायचा, "हे काय?"

"कॉलर."

तो वहीत लिहायचा, 'रद्दी, भोके पडलेली.'

कंपनी बंद व्हायला आठ दिवस राहिले, तेव्हा पुण्याहून एक मुलगी पाहणीला आली. नव्या वसाहतीबद्दल अहवाल करायचा होता. तिनं रोहिणीला विचारलं, "वसाहतीमुळं तुमचा फायदा झाला का? होय की नाही?"

रोहिणीनं जरा विचार केला. "पोरगी नर्सिंगला गेली, हे होयमधी लिवा. न्हाणी झाली, तीबी लिवा. बारा वर्षं शिवून सदरा येत न्हाय, हे न्हायमधी लिवा. दोरा बाहेरून, बटन बाहेरून, खोकीबी बाहेरून आली. हितलं काय घेतलं? आमचं हात आणि टँकरचं पाणी. तेबी लिवा."

"मावशी, दोन्हीकडं खूण करता येत नाही."

"मग तुमचा कागद उसवा आणि परत शिवा."

मुलगी हसली, पण तिनं ते सगळं मागच्या पानावर लिहून घेतलं. त्या पानाचं पुढं काय झालं, ते वाडीत कुणाला माहीत नाही.

शेवटच्या रविवारी वहिदा एस.टी.नं वाडीत आली. म्हणाली, "मी हात लावणार न्हाय. बसून बघणार." रोहिणीनं कापड घेतलं, दुमडलं, हातानं सारखं केलं, मोरयाचं नाव घेतलं आणि कात्री चालवली. वहिदा दोनदा चुकचुकली, एकदा चहा सांडला, पण जागची उठली नाही. कॉलर एकदा उसवावी लागली. दिवेलागणीला सदरा झाला.

सकाळी दोघी हिंदुरावांच्या ओसरीवर गेल्या. त्यांच्या नातीला, राजलक्ष्मीला, सदरा घातला. तात्यांनी कॉलर ओढून पाहिली, शिवणीवर नख फिरवलं.

"बाळा, दोन्ही हात वर कर," रोहिणी म्हणाली.

राजलक्ष्मीनं हात वर केले. सदरा काखेत ओढला नाही, खांद्यावर उचलला नाही. तिनं हात गोल फिरवले, मग उगीच दोन उड्याही मारल्या.

"आणि खिसा कुठाय ह्याला?" हिंदुराव म्हणाले.

"खिसा तुमी सांगितला न्हवता. आता सांगताय, तर लावते."

"सगळ्यास्नी लावा. बासष्टच्या बासष्टांना. शाळा उघडायच्या आत."

घरी येताना वहिदा म्हणाली, "बासष्ट सदरं म्हंजे किती बाह्या झाल्या, ते धर ध्यानात."

रोहिणीनं मनात मोजलं. बासष्ट डाव्या, बासष्ट उजव्या. उजव्या आधी घ्यायच्या, असं तिनं ठरवलं.