नववी ‘ब’ची फास्टिंग शुगर

शाळेशाळेत जाऊन पोरं पळवायची अन् त्यायची शुगर पाहायची, हे आमचं काम. अमरावतीहून आमी तिघं निघतो. डॉक्टर मॅडम पुण्याच्या, रक्त घेणारे गजूभाऊ तिवस्याचे, अन् मी. परत येताना गाडीत रिपोर्टचं कोणी नावच काढत नाही. "आज तो काय म्हणला मालूम?" इथूनच सुरू! बाकीच्या शाळा सोडा, अकोल्याची एकच शाळा घ्या.

*

पहिल्या दिवशी नववी ‘ब’ची शुगर. मॅडमनी पीटीच्या सरांना आधीच फोन केलेला, "मुलं उपाशीपोटी हवीत हं." सरांनी वर्गात जाहीर केलं, "उद्या सगळ्यायले उपास!"

सकाळी पाहतो तं ज्याची त्याची शुगर चढलेली! मॅडम मशीनच बदलून राहिल्या. तेवढ्यात समोरच्या जाड्या पोरानं मस्त ढेकर दिला. प्रणय त्याचं नाव.

"काही खाल्लंस का रे?"

"नाही मॅडम. साबुदाण्याची उसळ फक्त."

"अरे, उपाशी यायला सांगितलं होतं ना!"

"उपासच आहे ना मॅडम! डॉक्टर येऊन राहिले म्हणून आईनं आलू पण जास्त टाकले!"

*

दुसऱ्या खेपेले पोरं खरोखर उपाशी आली. प्रणयची शुगर तरी काठावरच. त्याच्या बाबाले डायबेटिस, म्हणून मॅडमनी त्याले बाजूले घेऊन सांगितलं, रोज पळायचं, थंडा बंद, परीक्षेआधी पुन्हा पाहू.

त्यानं सगळं ऐकलं अन् विचारलं, "इतकं केलं तं सर मले कबड्डीत घेतीन का?"

मॅडमनी पीटीच्या सरांकडं पाहिलं.

"एक रेड टाकली का खाली बसते हा," सर म्हणाले. "आधी दम आण म्हणा. मंग पाहू."

*

त्याच दिवशी कंबर मोजायची होती. प्रणयनं पोट असं आत ओढलं, का तोंड लालेलाल!

गजूभाऊ म्हणे, "श्वास सोड बे!"

"सोडतो ना! तुमी टेप काढा आधी!"

*

मंग पळायची टेस्ट. मैदानावर दोन रेषा. स्पीकरवर बीप वाजायच्या आत या रेषेवरून त्या रेषेवर पोचायचं. बीप लवकर लवकर वाजत जाते, चुकला तो बाद. प्रणय लगेच बाद झाला. त्याच्यामागं त्याचा दोस्त साहिलही येऊन बसला. साध्या धापा पण नव्हत्या!

मी विचारलं, "तू काहून थांबला बे?"

"हा एकटाच बसून राहिला ना दादा. बरं दिसते का?"

*

परीक्षेआधी पुन्हा गेलो. प्रणयची शुगर काठाच्या आत! साहिल सांगे, "रोज सकाळी कृषी विद्यापीठाच्या रोडनं याचे बाबा चालतेत. हा पळत पुढं जाते, पळत बाबाजवळ वापस येते."

टेस्ट सुरू झाली. सर खुर्ची टाकून बसले. पोरं गळत गेली, साहिलही बसला. प्रणय धरून तिघं उरले, अन् लाइट गेली! स्पीकर बंद. दोघं तिथंच आडवे झाले. प्रणय पळूनच राहिला.

मी ओरडलो, "अबे थांब! लाइट गेली!"

"माही नाही गेली ना, दादा!"

सर उठले. रेषेवर जाऊन उभे राहिले, हातातल्या घड्याळाकडं पाहिलं, अन् तोंडानंच सुरू झाले, "टूंऽऽ!... टूंऽऽ!"